संशयाचा पत्ता चुकतो आहे

सव्वीस जानेवारी, शिवजयंती, आंबेडकर जयंती, राष्ट्रसंतांची पुण्यतिथी. यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या गावांत यातल्या एखाद्या दिवशी तरी ‘मॅरेथॉन’ असतेच. अंतर पाच किलोमीटर असो की दहा, नाव मॅरेथॉनच. पहिल्या नंबराला पाच हजार एक किंवा अकरा हजार, एक शिल्ड, आणि पाहुणे येईपर्यंत उन्हात उभे राहण्याची शिक्षा. निकाल लागला की पानठेल्यावर त्याची उजळणी होते आणि कोणीतरी म्हणतेच, “काहीतरी घेतलं असन त्यानं. त्याबिगर इतकं पयते काय?”

जिंकलेल्या पोराच्या गावात मात्र त्याच संध्याकाळी फ्लेक्स लागतो. ‘गावाची शान’, खाली शुभेच्छुकांची रांग, वर पोरापेक्षा मोठा आमदारांचा फोटो. तिथे हा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारलाच, तर तो त्या पोराला विचारलेला राहत नाही. गावाला, समाजाला, त्याच्या बापाच्या कष्टाला विचारलेला ठरतो. म्हणजे एका गावात संशय फुकट वाटला जातो आणि दुसऱ्या गावात त्याच्यावर बंदी असते. दोन्हीकडे परिणाम एकच. त्या पोराच्या अंगात काय गेले, कोणी दिले, कोणाच्या पैशाने दिले, हे कोणीही तपासत नाही.

माझे म्हणणे असे की, दमसासाच्या खेळात उत्तेजकांचा संशय घेणे हा गुन्हा नाही. गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहता संशय न घेणेच भाबडेपणाचे आहे. पण आपण तो पळणाऱ्याच्या चारित्र्यावर घेतो आणि तिथेच सोडून देतो. तो घ्यायचा असेल तर त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांवर घ्यावा, आणि उत्तर मिळवण्याचा खर्च करण्याची तयारी ठेवावी.

आधी मोठ्या नावांकडे पाहू, कारण आपल्याकडच्या भरतीच्या अकॅडम्यांच्या भिंतींवर फोटो त्यांचेच असतात आणि पोरांच्या मोबाइलमध्ये रील्सही त्यांचीच. लान्स आर्मस्ट्राँग या अमेरिकी सायकलपटूने १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकली. कर्करोगातून उठलेला माणूस डोंगर चढून जातो, ही गोष्टच अशी की तिच्यावर शंका घेणारा माणूस निर्दयी वाटावा. आपण शेकडो चाचण्या दिल्या आणि एकीतही सापडलो नाही, हे त्याचे ठरलेले उत्तर असे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने हजारांवर पानांचा अहवाल काढला, सातही विजेतेपदे गेली, आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने टीव्हीवर कबुली दिली.

त्या अहवालात प्रयोगशाळेपेक्षा माणसांच्या साक्षी जास्त होत्या. सव्वीस साक्षीदार, त्यांतले अकरा त्याच्याच संघातले जुने सहकारी. आणि त्याआधी कितीतरी वर्षे जिने खरे सांगितले होते ती एमा ओ’रायली संघाची मालिश करणारी बाई होती. तिला खोटे पाडले गेले, तिची बदनामी केली गेली. मला या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच वाटतो. पिशव्या उचलणारा, पाय चोळणारा, गाडी चालवणारा, यांना सगळे माहीत असते आणि त्यांचे कोणी ऐकत नाही. आपल्याकडच्या प्रत्येक अकॅडमीत असा एक पोट्टा असतो. सरांच्या गाडीमागे बसून मेडिकलवर जाणारा.

चाचणीत न सापडणे म्हणजे स्वच्छ असणे नव्हे, हे आर्मस्ट्राँगने शिकवले. त्याच्या काळात चालणारे मुख्य औषध होते ईपीओ. मूत्रपिंडातून तयार होणारे हे संप्रेरक अस्थिमज्जेला तांबड्या पेशी वाढवायला सांगते. मूत्रपिंडाच्या रुग्णांचा रक्तक्षय दूर करायला ते कृत्रिमरीत्या बनवले गेले आणि सायकलपटूंनी ते उचलले, कारण तांबड्या पेशी वाढल्या की प्राणवायू वाढतो. ते पकडणारी चाचणी २००० च्या सिडनी ऑलिंपिकला आली. म्हणजे आर्मस्ट्राँगच्या पहिल्या विजयाच्या वेळी ती नव्हतीच. पुढे २००९ पासून खेळाडूचा ‘जैविक पासपोर्ट’ आला. त्यात एका दिवसाचा नमुना न पाहता त्याच माणसाच्या रक्ताच्या नोंदी वर्षानुवर्षे ताडून पाहिल्या जातात.

याच्या उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे आणि पानठेल्यावर ती नेमकी विसरली जाते. वेग म्हणजे पुरावा नव्हे. २०२४ च्या टूरमध्ये तादेय पोगाचारने प्लातो द बेय हा चढ असा चढला की मार्को पान्तानीची १९९८ सालची वेळ तीन मिनिटांहून अधिक फरकाने मागे पडली. पान्तानीला पुढच्याच वर्षी इटलीच्या शर्यतीतून रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण मर्यादेबाहेर गेल्यामुळे काढले गेले होते. साहजिकच लोकांनी विचारले, त्या ईपीओच्या काळच्या माणसाला हा इतका मागे टाकतो तो कसा? पोगाचारविरुद्ध काहीही सिद्ध झालेले नाही. सायकली बदलल्या, टायर बदलले, शर्यतीत दर तासाला पोटात जाणारी साखर कितीतरी वाढली, वाऱ्याचा अभ्यास झाला. मॅरेथॉनमध्ये कार्बनची पट्टी बसवलेल्या बुटांनी मिनिटे खाल्ली. यातले किती श्रेय कशाचे, हे घड्याळ सांगू शकत नाही. प्रश्न विचारणे रास्त, निकाल देणे नाही.

रूथ चेपनगेटिचचे प्रकरण या दोन्हींच्या मधले आहे, म्हणून ते जरा नीट पाहावे लागते. केनियाच्या या धावपटूने १३ ऑक्टोबर २०२४ रोजी शिकागोत २ तास ९ मिनिटे ५६ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. दोन तास दहा मिनिटांच्या आत येणारी ती पहिली स्त्री. शर्यतीनंतर एका पत्रकाराने तिला तोंडावर विचारले की लोक संशय घेतील, त्यांना काय सांगशील? केनियात त्या प्रश्नावर संताप उसळला. आमच्या लेकीचा अपमान, काळ्या माणसाने पराक्रम केला की यांच्या पोटात दुखते. या संतापात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण १४ मार्च २०२५ रोजी घेतलेल्या तिच्या लघवीच्या नमुन्यात हायड्रोक्लोरोथायझाइड सापडले. नोंद करण्याची मर्यादा २० नॅनोग्रॅम, तिच्यात सापडले सुमारे ३,८००. तिने पुढे सांगितले की आजारी पडल्यावर घरातल्या मोलकरणीची गोळी घेतली. ते पटण्यासारखे नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली. शिकागोचा विक्रम मात्र कागदावर कायम राहिला, कारण तो त्या नमुन्याच्या आधीचा आहे.

हायड्रोक्लोरोथायझाइड म्हणजे काय? आपल्या घराघरांत म्हाताऱ्यांच्या डब्यात असते ती बीपीची गोळी. लघवी वाढवते. लघवी वाढली की तिच्यातले दुसरे काही असेल तर ते पातळ होते, म्हणून ती बंदी यादीत आहे. पत्रकाराच्या प्रश्नाने तिला पकडले नाही, नमुन्याने पकडले. पण प्रश्न विचारायलाच नको होता, असे म्हणणारे आज गप्प आहेत.

आणखी एक नमुना सांगतो, थोडा गमतीचा. विल्सन किपसांग हा एके काळचा मॅरेथॉनचा विश्वविक्रमवीर. चाचणी घेणारे आले तेव्हा सांगितलेल्या जागी तो वारंवार सापडला नाही. मे महिन्यातल्या एका गैरहजेरीसाठी त्याने रस्त्यावरच्या अपघाताचा फोटो पुरावा म्हणून दिला, आणि तो अपघात ऑगस्टमधला निघाला. २०२० मध्ये चार वर्षांची बंदी. रजेच्या अर्जाला चुलत्याचे दुसऱ्यांदा निधन दाखवणारे आमचे विद्यार्थी आठवले.

आणि याच केनियाचा सबास्तियन सावे. २०२५ च्या बर्लिन मॅरेथॉनआधी या माणसाने आपल्या जास्त चाचण्या घ्या असे स्वतःहून सांगितले. दोन महिन्यांत पंचवीस चाचण्या झाल्या, त्याच्या बूट कंपनीने त्यासाठी पैसे दिले, आणि मग तो बर्लिनला आला आणि जिंकला. लोक संशय घेतात याचे त्याला वाईट वाटले नसेल असे नाही. पण संशयाला उत्तर शपथेने देता येत नाही, हे त्याने ओळखले. केनियाच्या सरकारनेही आधी २०२२ मध्ये बंदीची टांगती तलवार डोक्यावर आल्यावर उत्तेजकविरोधी कामासाठी वर्षाला पन्नास लाख डॉलर द्यायचे कबूल केले होते. उत्तराला पैसे लागतात, आणि ते कोणीतरी द्यावे लागतात.

आता आपल्याकडे.

इथे दमसासाचा खेळ म्हणजे ऑलिंपिक नाही, इथे तो म्हणजे ‘सोळाशे’. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीतल्या पन्नास गुणांपैकी वीस सोळाशे मीटरला, पंधरा शंभर मीटरला, पंधरा गोळ्याला. मुलींना सोळाशेऐवजी आठशे. सैन्यात जायचे तर सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत, तर पूर्ण गुण. २०२४ च्या भरतीत राज्यात १७ हजार ४७१ पदांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले. महाराष्ट्रातली सर्वांत मोठी धावण्याची शर्यत कोणती, असे कोणी विचारले तर मुंबई मॅरेथॉन हे उत्तर चूक आहे. सर्वांत मोठी शर्यत गृहखाते भरवते, आणि तिचे बक्षीस शिल्ड नसून आयुष्यभराचा पगार आहे. तीन एकर कोरडवाहू, सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खाली, थोरल्या बहिणीचे लग्न अडलेले, आणि समोर सोळाशे मीटर. टूर द फ्रान्सच्या सायकलपटूला जितका मोह झाला त्यापेक्षा या पोराला कमी व्हावा असे कोणते कारण आहे?

म्हणून गेल्या काही वर्षांत भरतीच्या मैदानांवर उमेदवारांच्या पिशव्यांत इंजेक्शने, सिरिंज, गोळ्या सापडल्याच्या बातम्या येतात तेव्हा मला धक्का बसत नाही. पोरे आपापसांत ‘सुई मारली’ म्हणतात. त्यात बहुतेकदा मेफेंटरमाइन असते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो वर आणण्याचे हे औषध. ज्याचा रक्तदाब मुळात ठीक आहे आणि जो धावतो आहे, त्याच्या शरीरात ते काय करील याचा विचार करायला डॉक्टर असण्याची गरज नाही. रक्तदाब चढतो, हृदयाचे ठोके बिघडतात, सवय लागते, डोके भ्रमिष्ट होते. चिठ्ठीशिवाय विकायचे नाही असे हे औषध पोराच्या हातात येते कुठून? पोराने ते कारखान्यात बनवले नाही.

विदर्भात याला आणखी एक पदर आहे आणि त्याबद्दल बोलणारे फार थोडे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ, अमरावतीच्या मेळघाटापर्यंत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आजार असलेले कमी, वाहक पुष्कळ. आपण वाहक आहोत हे कितीतरी पोरांना माहीत नसते, कारण रोजच्या जगण्यात वाहकाला काही त्रास होत नाही. पण अमेरिकी लष्कराच्या अभ्यासांत असे दिसले आहे की जीव तोडून केलेल्या श्रमात वाहकांच्या स्नायूंचे विघटन होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. उन्हाळा आणि शरीरातले पाणी कमी होणे हे त्याला चिथावणारे. वाहकाने पळू नये असे मुळीच नाही. पाणी, विश्रांती, हळूहळू वाढवलेला सराव, एवढे सांभाळून तो कोणाइतकाच पळू शकतो. आता चंद्रपूरचा उन्हाळा घ्या, वजन आणि सूज उतरवायला म्हणून दिलेली लघवीची गोळी घ्या, वर मेफेंटरमाइनची सुई घ्या, आणि हे सगळे अशा पोराच्या अंगात घाला. मग ‘मैदानावर कोसळून मृत्यू’ ही बातमी येते आणि आपण तिला दुर्दैव म्हणतो.

काही गोष्टी तर पोराच्या किंवा कोणाच्याच मनात पाप नसताना घडतात. आपल्याकडे अशक्तपणा आला की सलाईन लावायची पद्धत आहे. गावचा डॉक्टर लावतो, लोक आवडीने लावून घेतात, न लावणारा डॉक्टर कच्चा समजला जातो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमानुसार रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणी वगळता बारा तासांत शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणे हाच नियमभंग आहे, मग आत नुसते मीठ-पाणी का असेना. तापाला, अंगदुखीला सर्रास दिले जाणारे डेक्सामेथासोनचे इंजेक्शन स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे. तालुक्याच्या स्पर्धेतून राज्यावर, राज्यावरून राष्ट्रीय स्पर्धेला जाणारी पोरगी आदल्या दिवशी ‘थोडी कमजोरी वाटते’ म्हणून सलाईन लावून घेते आणि तिला कोणी सांगितलेलेच नसते. पुन्हा, तिच्या अंगात हिमोग्लोबिन मुळात दहाच्या आसपास. तिला लोह हवे आहे, ते चालते, ते तिला शाळेतच मिळायला हवे होते. आपल्या धावपटूंच्या रक्तात घातक काय आहे हे शोधण्याआधी आवश्यक ते किती कमी आहे हेही पाहावे.

तरीही मी या सगळ्यावर ‘बिचारी पोरे’ म्हणून पांघरूण घालणार नाही. कारण दुसरी एक गोष्ट आपण फार हौसेने करतो. गरीब घरचा पोरगा जिंकला की वर्तमानपत्रात मथळा येतो: ज्वारीची भाकर खाऊन धावला, अनवाणी सराव केला, बूट नव्हते तरी सुवर्ण. हे पुष्कळदा खरेच असते. पण हा मथळा एकदा छापला की पुढचा प्रश्न बंद होतो. १९९३ मध्ये चीनच्या मा जुनरेन नावाच्या प्रशिक्षकाच्या हाताखालच्या मुलींनी लांब पल्ल्याचे विश्वविक्रम धडाधड मोडले. गुपित काय असे विचारल्यावर तो कासवाचे रक्त आणि हिमालयातल्या अळीवरची बुरशी सांगायचा. जग हसले, पण पुष्कळांनी लिहूनही घेतले. भाकरीची गोष्ट आणि कासवाच्या रक्ताची गोष्ट एकच काम करतात. दोन्ही ऐकणाऱ्याला समाधान देतात आणि प्रशिक्षकाला चौकशीतून सोडवतात.

प्रशिक्षकाबद्दल बोलायला हवे. तालुक्याच्या ठिकाणी भरतीच्या अकॅडम्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या आहेत. महिन्याची फी, राहणे, जेवण, पहाटे चारला डांबरी रस्त्यावर सराव, मागून सरांच्या दुचाकीचा दिवा. चांगली माणसे आहेत यात. स्वतःची भरती हुकली म्हणून दुसऱ्यांची पोरे घडवणारे, फी थकली तरी पोराला घरी न पाठवणारे मी पाहिले आहेत. पण अकॅडमीचा धंदा चालतो तो निकालाच्या फ्लेक्सवर. ‘यंदा आमचे इतके सिलेक्ट.’ ज्याचा फ्लेक्स मोठा त्याच्याकडे पुढच्या वर्षी गर्दी. त्या फ्लेक्सवर ज्यांचे फोटो नाहीत, ज्यांची किडनी बिघडली, जे सवयीपायी घरी बसले, त्यांची मोजणी कोणाच्या वहीत नाही. अकॅडमीला नोंदणी लागत नाही, सरांना प्रमाणपत्र लागत नाही, आणि सुई सापडली तर ती पोराच्या पिशवीत सापडते, सरांच्या नाही. संशयाचा खरा पत्ता हा आहे. पोरगा आज आहे उद्या नाही, सर पुढच्या वर्षीही तिथेच आहेत.

देशपातळीवर चित्र याहून वेगळे नाही. २०२३ मध्ये भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि २१४ मध्ये निषिद्ध द्रव्य सापडले, म्हणजे ३.८ टक्के. मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त. त्याच वर्षी चीनने २८ हजारांवर नमुने तपासले, तिथे ०.२ टक्के. आकड्यांनी लगेच हुरळून किंवा खचून जाऊ नये. कोणाला, कधी तपासले यावर टक्का बदलतो. चाचणी आधीच कळवून घेतली तर कोणीच सापडणार नाही. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत चाचणीवाले आल्याचे कळताच पोरे गायब झाली आणि शंभर मीटरच्या अंतिम फेरीत एकच धावपटू पळाला, याला काही टक्केवारीचा हिशोब लागत नाही. एकटाच पळून सुवर्ण. महाराष्ट्रातही याहून बरे आहे असे समजायला जागा नाही. डिसेंबर २०२४ च्या पुणे अर्धमॅरेथॉनमध्ये घेतलेल्या नमुन्यात आपल्याच राज्याच्या एका नावाजलेल्या धावपटूच्या शरीरात ऑक्सॅन्ड्रोलोन हे स्टेरॉइड सापडले आणि तिच्यावर चार वर्षांची बंदी आली.

यावर एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. म्हणतात, सगळे नियम गरिबाच्याच पोरावर का? लिंबू सरबताच्या जाहिरातीतले खेळाडू, परदेशी डॉक्टर बाळगणारे मोठे संघ, त्यांचे वकील, त्यांचे अपील. इथे सोळाशे मीटरसाठी धडपडणाऱ्या पोराने एक सुई घेतली तर त्याचे आयुष्य संपवायचे? खरे आहे की शिक्षा पैशावाल्याला कमी लागते. आर्मस्ट्राँगने आपल्यावर लिहिणाऱ्या वृत्तपत्राला कोर्टात खेचून पैसे वसूल केले होते, ते त्याला कबुलीनंतर परत करावे लागले. गावच्या पोराकडे तो रस्ता नाही. पण हाच आक्षेप उलटाही वाचता येतो. सुई न घेता पाच मिनिटे चाळीस सेकंदांत सोळाशे पूर्ण करणारा दुसराही गरिबाचाच पोरगा आहे. दोघांमधला गुणांचा फरक एका सुईचा. यादीत खाली राहिलेल्या त्या पोराची बाजू कोणी घ्यायची? तपासणी नसली की नुकसान होते ते प्रामाणिक गरिबाचेच, कारण श्रीमंताचा मुलगा या रांगेत उभाच नाही.

या बाबतीत बैल आपल्या पुढे गेले आहेत. शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये ती सशर्त उठली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींचा कायदा मान्य केला. आज तळेगाव दशासरसारख्या ठिकाणी पट भरतो तेव्हा जोडीला पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र लागते आणि बैलाला दारू किंवा उत्तेजक देण्याला मनाई आहे. नियम किती पाळला जातो, हा वेगळा प्रश्न. पण तो लिहिलेला आहे. त्याच गावातल्या मॅरेथॉनच्या पत्रकावर वयोगट असतो, प्रवेश फी असते, ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ असते. पोराच्या अंगात काय गेले याबद्दल एक ओळ नसते.

गावच्या समितीने प्रयोगशाळा उघडावी असे कोणी म्हणत नाही. मान्यताप्राप्त चाचणीचा खर्च अकरा हजारांच्या बक्षिसाला पेलणारा नाही, आणि दिल्लीतल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचीच मान्यता २०१९ ते २०२१ निलंबित होती. समितीला करता येण्यासारखे वेगळे आहे. पत्रकावर नियम छापणे, सुरुवातीच्या रेषेजवळ वैद्यकीय अधिकारी बसवणे, मैदानाच्या संडासात सापडलेल्या सिरिंजची नोंद ठाण्यात करणे. शाळांनी नववीपासून सिकलसेलची तपासणी आणि ‘नो युवर मेडिसिन’सारख्या अ‍ॅपवर औषध कसे पाहायचे हे शिकवणे. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ पासूनची संस्था अमरावतीत आहे. प्रशिक्षकांना चार दिवसांचे शिबिर देण्यासाठी आपल्याला बाहेरून माणसे आणायची गरज नाही.

मोठी जबाबदारी मात्र सर्वांत मोठी शर्यत भरवणाऱ्याची, म्हणजे शासनाची. पिशव्या तपासणे पुरेसे नाही. सुई मैदानाबाहेर मारून येता येते. ग्राउंडच्या दिवशी प्रत्येक गटातून चिठ्ठी काढून काही उमेदवारांचे नमुने घ्यावेत, ते सगळ्या जिल्ह्यांत सारख्याच पद्धतीने घेतले जातील असा जाहीर नियम असावा, आणि अहवाल येईपर्यंत अंतिम यादी थांबवावी. एखादा उमेदवार बाद ठरला तर त्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी, आणि त्याच्यासोबत तो कुठे शिकला याचीही नोंद व्हावी. एका नावावरून अकॅडमीला दोषी धरू नये. एकटा पोरगाही मूर्खपणा करू शकतो. पण एकाच हंगामात एकाच अकॅडमीची तीन-चार नावे आली, तर औषध निरीक्षकाने तिच्या जवळच्या मेडिकलची बिले मागवावीत. अर्जात उमेदवाराला जात, जन्मतारीख, उंची, छाती सगळे विचारले जाते. सराव कुठे केला, हा एक रकाना वाढवायला कोणताही कायदा बदलावा लागत नाही.